सात सीटर डिझेल एसयूव्ही: डीपीएफचा दिवा, वाढणारं ऑइल, ओला गालिचा. दोष गाडीचा की वापराचा?

वाकडकर

२०२२ ची सात सीटर एसयूव्ही, डिझेल, ऑटोमॅटिक, बीएस-६. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या तीन उत्तरांतच भक्त आणि विरोधक भिडतात आणि प्रश्न राहतो बाजूला. मूळ वॉरंटी संपली, एक्स्टेंडेड चालू आहे. रोजचा वापर वाकड ते हिंजवडी, म्हणजे अंतर थोडं आणि वेळ फार. लांबचा प्रवास कधीतरीच.

तक्रारी अशा:

डीपीएफचा दिवा सारखा लागतो. सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावून रिजनरेशन करतात, दिवा जातो, थोड्या दिवसांनी परत हजर. कारण दर वेळी एकच: "सर, तुमचं सिटी ड्रायव्हिंग आहे."

डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर दिसतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. यावर उत्तर: "या इंजिनाला हे नॉर्मल आहे."

पावसाळ्यात पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओला होतो. पॅनोरमिक सनरूफ आहे.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरू करताना स्क्रीन रीस्टार्ट होते. एडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा), हिल असिस्ट, पार्किंग सेन्सर अशा सगळ्या वॉर्निंग एकदम येतात. थोडं चालवलं की आपोआप जातात.

मोठ्या स्पीडब्रेकरवर काही नाही, पण बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना पुढून डावीकडून टक टक आवाज.

घरच्यांसाठी म्हणून वीस लाखांच्या वर मोजून घेतलेल्या गाडीत हे सगळं एकदम. यातलं नेमकं काय गाडीचा दोष आणि काय वापरामुळे? सर्व्हिस सेंटरकडे काय मागायचं? तिथे दाद लागली नाही तर पुढे काय? की विकून मोकळं व्हावं?

---

पाना_पकड

पाचही तक्रारींचं एक गाठोडं बांधून "गाडीच बोगस आहे" असं काउंटरवर सांगू नका. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला तेच सोयीचं असतं: एक वॉशिंग, एक स्कॅन, "सब ओके". पहिल्या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत. बाकीच्या तीन त्याच्याशी संबंधित नाहीत. मी पहिल्या दोनांबद्दल लिहितो.

डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली सच्छिद्र सिरॅमिक जाळी. काजळी अडवते आणि साठली की ती जाळून टाकावी लागते, तेच रिजनरेशन. त्याला साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. हिंजवडीच्या रांगेत एक्झॉस्टचा वायू दोनशेच्या आसपासच रेंगाळतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतः तापमान वाढवतो. पॉवर स्ट्रोक उतरत आल्यावर, उशिरा, थोडं जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये मारतो. ते तिथे जळत नाही. पुढे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये जाऊन जळतं आणि त्या उष्णतेने डीपीएफ तापतो. हे काम पूर्ण व्हायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात.

तुमच्या ऑइलचं उत्तर इथेच आहे. उशिरा मारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि रिंगांच्या फटीतून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतो. रिजनरेशन पूर्ण झालं तर हे प्रमाण किरकोळ असतं. इंजिन चांगलं तापलं की त्यातलं थोडं उडूनही जातं. पण रिजनरेशन सुरू झालं, ऑफिस आलं, गाडी बंद. संध्याकाळी परत सुरू, घर आलं, बंद. असं चाललं तर प्रत्येक अर्धवट प्रयत्नाचं डिझेल ऑइलमध्ये जमा होत राहतं.

थोडी भेसळ अपेक्षित असते, एवढ्यापुरतं "नॉर्मल" हे उत्तर खरं. पातळी मॅक्सच्या वर गेली की ते नॉर्मल नाही, हे तुमच्याच ओनर्स मॅन्युअलमध्ये सापडेल. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं. आधी टर्बोच्या बेअरिंगला आणि टायमिंग चेनला त्रास होतो. पातळी फारच वाढली तर ऑइलची वाफ ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं. मग बटण दाबूनही बंद होत नाही. असं क्वचित होतं, पण झालं तर इंजिन जातं. त्यामुळे वरचं ऑइल थोडं काढून पातळी "बरोबर" करण्यात अर्थ नाही, कारण उरलेलं ऑइलही पातळच आहे. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पातळी बघायची रीत: सपाट जागा, इंजिन गरम करून बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिक पुसून दोनदा बघायची. मिन आणि मॅक्समध्ये बहुतेक इंजिनांत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यावरून किती डिझेल उतरलंय याचा अंदाज येतो. तारीख आणि ओडोमीटरसकट फोटो काढून ठेवा.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायचं कसं? अनेक गाड्यांत दिवा लागत नाही, तरी खुणा दिसतात. आयडल (उभ्या गाडीचा आरपीएम) साडेसातशे-आठशेवरून हजाराच्या आसपास चढतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, क्षणिक मायलेज अचानक पडतं, गाडी उभी केल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो, खालून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. या खुणा दिसल्या तर शक्यतो गाडी बंद करू नका. आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरवा.

दिवा लागल्यावरची फेरी: ६० ते ८० चा स्थिर वेग, आरपीएम दोन हजारांच्या आसपास, त्यासाठी गिअर मॅन्युअल मोडमध्ये एक-दोन खाली धरा. पन्नासावर सहाव्या गिअरमध्ये तेराशे आरपीएमने रमतगमत जाण्याचा उपयोग नाही. वाकडहून किवळ्याला जाऊन एक्स्प्रेसवेने तळेगावच्या पुढपर्यंत जाऊन यायचं, सकाळी लवकर. लोणावळ्याच्या पुढे घाट उतरू नका. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होतं, एक्झॉस्ट थंड पडतो आणि रिजनरेशन तुटतं. चाकण रस्त्याचं नाव काढू नका, तिथेही रांगच. टाकीत डिझेल पाव भागाच्या वर हवं. अनेक गाड्या लो फ्युएलवर रिजनरेशन सुरूच करत नाहीत. चेक इंजिनचा दुसरा एखादा कोड उभा असेल तरीही नाही.

आता खरा मुद्दा. "सिटी ड्रायव्हिंग" हे अर्धं उत्तर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण रिजनरेशन झाल्यावरही दिवा लगेच परत येत असेल, तर एकतर काजळी गरजेपेक्षा जास्त तयार होते आहे, किंवा ती आहे त्यापेक्षा जास्त मोजली जाते आहे. जास्त तयार होण्याची नेहमीची कारणं म्हणजे उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप), इंटरकूलरच्या पाइपची सैल क्लिप किंवा चीर (हवा कमी, धूर जास्त, कधी पी०२९९ कोड येतो), गळका इंजेक्टर. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर कूलंट पुरेसं तापत नाही आणि ईसीयू रिजनरेशनला परवानगीच देत नाही. तिथे पी०१२८ बघा. चुकीची मोजणी म्हणजे डिफरन्शियल प्रेशर सेन्सर, दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा. डीपीएफच्या आधी आणि नंतर अशा दोन नळ्या त्याला जातात. त्या तडकतात, वितळतात, त्यांत पाणी किंवा काजळी बसते.

म्हणून स्कॅनरवरचे हे आकडे छापून किंवा फोटो काढून मागा: शेवटचं पूर्ण रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, दोन रिजनरेशनमधलं सरासरी अंतर, काजळीचे ग्रॅम, राखेचे ग्रॅम, कूलंटचं तापमान, डिफरन्शियल प्रेशर. शेवटचं तीनदा: इग्निशन चालू पण इंजिन बंद, गरम इंजिन आयडलवर, आणि अडीच हजार आरपीएमवर. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी नोंदलेल्या आकड्यांचा) फोटो. कोड पुसला की पुरावा गेला. साधा ब्लूटूथ डोंगल कोड वाचतो, पण काजळीचे ग्रॅम बहुधा कंपनीच्या स्कॅनरवरच दिसतात.

राख वेगळी आणि काजळी वेगळी. काजळी जळते, राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची असते आणि डीपीएफ उतरवून धुतल्याशिवाय जात नाही. म्हणून ऑइल कमी राखेचंच हवं: मॅन्युअलमध्ये एसीईए (युरोपीय ऑइल मानक) सी२, सी३, सी५ असं जे लिहिलं असेल तेच. सर्व्हिसच्या बिलावर नुसतं "५डब्ल्यू-३०" लिहून भागत नाही, त्याच जाडीचं जास्त राखेचं ऑइलही मिळतं.

शेवटचं, कोणीतरी नक्की सुचवेल म्हणून आधीच लिहितो. डीपीएफ काढून ईसीयू रीमॅप करणं हा इलाज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकालाच दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी तर त्याच दिवशी संपते.

---

सनरूफ_नको

तीन, चार आणि पाच माझ्याकडे.

गालिचा ओला होण्याचे तीन रस्ते. एसीचं ड्रेन तुंबणं, सनरूफच्या ड्रेन नळ्या तुंबणं, आणि काचेखालच्या काउलमध्ये पाला साठून पाणी ब्लोअरमधून आत येणं. एसीचं पाणी उन्हाळ्यातही येतं. तुमचं फक्त पावसात येतंय, म्हणजे या तिनांपैकी दुसरं किंवा तिसरं.

एक समज आधी दुरुस्त करा: सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवत नाही, त्याने अडवावं अशी रचनाही नाही. आत येणारं पाणी काचेभोवतीच्या पन्हाळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. पुढच्या दोन नळ्या ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) उतरतात. त्यामुळे सर्व्हिस सेंटर "रबर बदललं" म्हणालं तर पैसे वाया.

तपासणी घरी होते. सनरूफ उघडा, पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा लिटर पाणी बारीक धारेने ओता. पाणी चाकाच्या कमानीजवळ किंवा दाराच्या बिजागरीजवळ खाली पडताना दिसलं पाहिजे. पन्हाळीत साचून राहिलं तर नळी तुंबली. ओतलेलं गायब झालं आणि गालिचा ओला झाला तर नळी आत कुठेतरी निसटली, मग ए-पिलरचं प्लास्टिक उतरवणं आलं. तिथे कर्टन एअरबॅग असते, ते काम घरी करू नका. तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार वापरतात, टोक गोल करून. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. वॉशिंग सेंटरवाले हमखास मारतात आणि नळी नोझलवरून निसटते. आधी फक्त तुंबलेली होती, मग कायमची गळायला लागते.

गालिचा वरून वाळला म्हणजे काम झालं असं नाही. खालचा फोम स्पंजसारखा पाणी धरतो. सीट काढून, गालिचा उचलून वाळवावा लागतो, नाहीतर सीटखालचे पिवळे कनेक्टर गंजतात आणि एअरबॅगचा दिवा लागतो. डावीकडच्या डॅशखाली फ्यूजबॉक्स किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल असेल तर तिथे हिरवट गंज दिसतो का बघा.

आता एकदम येणाऱ्या सगळ्या वॉर्निंग. पाच सिस्टीम एकाच सेकंदाला बिघडत नाहीत. व्होल्टेज पडतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.४ च्या खाली असेल तर ती अर्धपोटी आहे. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. हे दोन आकडे घेतल्याशिवाय स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट करून घेऊ नका. अर्ध्या अपडेटमध्ये बॅटरी बसली तर स्क्रीनही गेली.

बॅटरी ठीक निघाली तर गळती मोजा. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास झोपू द्या, मग करंट साधारण ५० मिलीअँपियरच्या आत हवा. जास्त असेल तर पहिला संशयित पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, दुसरा बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर.

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सुरू-बंद झेपणारी, बॅटरी असते. कोपऱ्यावरचा दुकानदार स्वस्तातली साधी बसवून देईल, ती लवकर मरेल. आणि अनेक गाड्यांत नवीन बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर गाडी जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहते. जंप स्टार्ट करताना काळी वायर बॅटरीच्या खुंटीला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावा. खुंटीवर सेन्सर असतो.

टक टक आवाज: आधी स्टॅबिलायझर लिंक, मग लोअर आर्मचं बुश, मग स्ट्रट माउंट, याच क्रमाने. लिंक स्वस्त असते आणि दहातल्या आठ वेळा तीच निघते. दोन्ही बाजूंच्या एकदम बदला. लोअर आर्म उघडला तर अलाइनमेंट करून घ्या.

---

जॉबकार्ड_जपून

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. भारतात सदोष गाडी परत घ्यायला लावणारा अमेरिकेसारखा वेगळा "लेमन लॉ" नाही. जे आहे ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि मोटार वाहन कायद्यातली रिकॉलची तरतूद.

आधी कागद. जॉबकार्डवर अ‍ॅडव्हायझर "जनरल चेकअप" लिहितो. ते खोडायला लावा आणि लक्षण तुमच्या शब्दांत लिहायला लावा: "डीपीएफ दिवा, मागील फोर्स्ड रिजनरेशननंतर इतक्या किलोमीटरने परत, ऑइल मॅक्सच्या वर, डिझेलचा वास." गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख, ओडोमीटर, बदललेल्या भागाचा पार्ट नंबर, हे सगळं त्यावर हवं. तोंडी जे सांगतात ते त्याच संध्याकाळी मेलवर पाठवा: "आज आपण सांगितलं की ऑइलची वाढलेली पातळी नॉर्मल आहे, कृपया लेखी कळवावे." लेखी कोणी देत नाही. पण मेलला आलेलं मौनही नंतर कामाला येतं.

एक्स्टेंडेड वॉरंटीची पुस्तिका उघडून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. डीपीएफमधली काजळी, इंधनातली भेसळ आणि पाण्याने झालेलं नुकसान ही तीन कारणं तिथे बहुधा असतात. म्हणून "डीपीएफ तुंबला" आणि "सेन्सर बिघडल्यामुळे डीपीएफ तुंबला" यात पैशांचा मोठा फरक आहे. इंजेक्टरचा वाद होऊ शकतो म्हणून डिझेलची बिलं ठेवा, शक्यतो एकाच पंपाची.

डीलर, मग कंपनीचं कस्टमर केअर (तक्रार क्रमांकासह), मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्यांचा वेगळा माणूस त्या तक्रारी बघतो, आणि बऱ्याचदा एवढ्यावरच एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन येतो.

त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. फी २० ते ५० लाखांच्या गाडीला १,००० रुपये, १० ते २० लाखांना ४००. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होतं, वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि "बघू, करू" म्हणत डीलर नेमकी हीच मुदत खातो. डीलर, उत्पादक आणि एक्स्टेंडेड वॉरंटी देणारी कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. नाहीतर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो. निकाल कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षातलं वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे.

गाडी बदलून मिळेल अशी आशा मात्र धरू नका. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या एका प्रकरणात हेच म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश बसत नाही. उत्पादनातला दोष म्हणायचं तर तो सिद्ध करावा लागतो, आणि आयोग त्यासाठी गाडी तज्ज्ञाकडे किंवा प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथे वर पाना_पकड यांनी मागायला सांगितलेले आकडेच बोलतात. दुरुस्तीचा खर्च, वाढीव वॉरंटी, मनस्तापाची भरपाई या मागण्या जास्त टिकतात.

रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. तक्रार परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर करायची. ती सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांसाठी आहे, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्याशिवाय हलत नाही. त्याच मॉडेलच्या मालकांचा ग्रुप असेल तर सगळ्यांनी पोर्टलवर नोंद करा. ग्रुपमध्ये संताप व्यक्त करून ती संख्या वाढत नाही.

"वापर चुकीचा" या बचावाबद्दल एक दाखला. ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० दरम्यान विकलेल्या टोयोटाच्या २,६४,१७० डिझेल गाड्यांवर (हायलक्स, फॉर्च्युनर, प्राडो) डीपीएफवरून सामूहिक दावा झाला. फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये डीपीएफच्या रचनेतच दोष मान्य केला आणि किमतीतली घट १७.५ टक्के धरली. अपिलात २०२३ मध्ये ती १० टक्क्यांवर आली आणि पुढे वाद वरच्या न्यायालयातही गेला. गंमत अशी की तिथे त्रास देणारा वापर शहरातला नव्हताच, ताशी सुमारे १०० च्या नियमित हायवे ड्रायव्हिंगचा होता. म्हणजे डीपीएफ तुंबला की दोष गर्दीचा, हे समीकरण नेहमीच खरं नाही. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण लेखी युक्तिवादात एक परिच्छेद घालायला हरकत नाही.

---

घाटमाथा

सगळं बरोबर, पण कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं. वाकड-हिंजवडीसाठी दोन टनांच्या आसपासची डिझेल ऑटोमॅटिक ही निवडच चुकलेली आहे. सेन्सर बदला, ऑइल बदला, तरी पुढच्या वर्षी तुम्ही इथेच असाल. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आणि तेही रांगेत असेल तर पेट्रोल किंवा स्ट्राँग हायब्रिड घ्या. डिझेलच्या मायलेजमधून वाचलेले पैसे एका डीपीएफमध्ये जातात. विकताना एवढंच करा: ऑइल बदलून, पूर्ण रिजनरेशन करून, दिव्याशिवाय विका.

---

पाना_पकड

@घाटमाथा, वापराचं मान्य. पण "दिव्याशिवाय विका" म्हणजे पुढच्याच्या गळ्यात बांधा. शिवाय आकडे न बघता विकली तर पाच-सात हजारांच्या सेन्सरपायी दोन लाख कमी घेऊन मोकळे होतील. आधी आकडे येऊ देत.

आणि एक राहिलं. युरियाची वेगळी टाकी असेल तर डीईएफ (त्या टाकीतलं युरियाचं पाणी) डब्यावर आयएसओ २२२४१ बघून घ्या आणि डबे गच्चीवर किंवा डिकीत साठवू नका. २५ अंशांना ते साधारण १८ महिने टिकतं, ३५ अंशांना सहाच. झाकणाला किंवा नोझलला पांढरे खडे दिसले तर कोमट पाण्याने धुवा, खरवडू नका. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर इग्निशनसुद्धा चालू करायचं नाही, गाडी उचलूनच न्यायची.

---

वाकडकर

सगळ्यांचे आभार. सनरूफचं पाणी पन्हाळीत साचून राहतं, म्हणजे नळी तुंबली आहे. बॅटरी सकाळी १२.१, बदलतोय. लिंक रॉड सैल आहे असं सर्व्हिस सेंटरनेच मान्य केलं.

डीपीएफचे आकडे बरीच घासाघीस करून मिळाले. कोड: एकही नाही. दोन रिजनरेशनमधलं सरासरी अंतर ११२ किमी. कूलंट ८८ अंश. राख कमी, मर्यादेच्या खूप आत. डिफरन्शियल प्रेशर: इग्निशन चालू, इंजिन बंद १४ मिलीबार, गरम इंजिन आयडलवर २३, अडीच हजारांवर ६१. त्यांचं म्हणणं, "कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही."

---

पाना_पकड

सापडलं, निदान मोठा भाग तरी. इंजिन बंद असताना डीपीएफमधून हवा जातच नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सारखा. तिथे शून्य दिसायला हवं, एक-दोन मिलीबार इकडेतिकडे. तुमचा सेन्सर १४ दाखवतोय. हे १४ प्रत्येक मोजणीत मिळवले जातात. आयडलचे २३ वजा १४ म्हणजे ९, गरम इंजिनाला साधारण ठीक. अडीच हजारांवरचे ४७ सुद्धा भीतीदायक नाहीत. डीपीएफ बहुधा बरा आहे. ईसीयूला तो तुंबलेला वाटतोय. म्हणून ११२ किलोमीटरला एक रिजनरेशन, आणि म्हणून ऑइलमध्ये डिझेल. मिश्र वापराच्या निरोगी गाडीत हे अंतर साधारण तीनशे ते सहाशे दिसतं. शहरी वापराने ते घटतं, पण वापरामुळे बंद इंजिनावर १४ मिलीबार येत नाहीत. कोड का नाही? चूक ठरवायची ईसीयूची मर्यादा याहून वर असू शकते, तोपर्यंत स्कॅनर "नो फॉल्ट"च म्हणणार.

आता त्यांच्यासमोर उभं राहून करून घ्या. गाडी थंड, इग्निशन चालू, इंजिन बंद. सेन्सरच्या दोन्ही नळ्या सेन्सरच्या बाजूने काढा. आकडा शून्यावर आला तर सेन्सर चांगला आहे आणि नळीत पाणी किंवा काजळी अडकली आहे: नळ्या बदला, डीपीएफवरच्या धातूच्या तोंडात तार फिरवून ती मोकळी करा. नळ्या काढूनही १४ च राहिले तर सेन्सर गेला. या चाचणीचा व्हिडिओ घ्या आणि दोन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या. सेन्सर इलेक्ट्रिकल भाग आहे, "काजळी" म्हणून वगळता येणार नाही.

नवीन सेन्सर बसवल्यावर स्कॅनरने त्याचं अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करायला लावा. नाहीतर ईसीयू जुनीच शिकलेली दुरुस्ती वापरत राहतो आणि "सेन्सर बदलूनही फरक नाही" अशी तक्रार घेऊन परत जावं लागतं. मग एक पूर्ण रिजनरेशन, त्यानंतर ऑइल आणि फिल्टर, याच क्रमाने. ऑइल आधी बदललं तर त्या रिजनरेशनचं डिझेल नव्या ऑइलमध्ये उतरेल.

नळ्या बसवताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा. सेन्सर वर आणि नळी सलग उताराने खाली डीपीएफकडे गेली पाहिजे, मधे कुठेही झोळ नको. झोळ राहिला की एक्झॉस्टमधलं पाणी तिथे साचतं आणि नवा सेन्सरही काही महिन्यांत हेच दाखवायला लागतो. क्लिप तुटकी असेल तर ती पण मागा, बहुतेक वेळा ती वेगळी मिळते.